आसनापुरता वाघ

वाघ मारणाऱ्यांचा राग कोणालाही येतो. मला त्याहून जास्त राग येतो तो वाघ न मारणाऱ्यांचा. म्हणजे ज्यांनी जन्मात झुरळाखेरीज काही मारलेलं नाही, जे चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, मुंग्यांना साखर घालतात, आणि ज्यांच्यासाठी लांब कुठल्यातरी रानात एक वाघ आडवा होतो, त्या सज्जन माणसांचा. अशा सज्जन बायकांच्या भजनी मंडळाची मी चिटणीस होते. चेन्नईत, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत.

तेव्हा मी पन्नाशीला आले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी समोरच्या फुटपाथवर जाईन. कांजीवरम नेसून बाजारात जायची, रिक्षावाल्याशी तमिळमध्ये भांडायची आणि ते तमिळ त्याला कळायचं नाही म्हणून त्यालाच अडाणी म्हणायची. यजमान रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात, आम्ही पेरांबूरच्या क्वार्टर्समध्ये. मुलगा सकाळी कंपनीच्या बसने सिरुसेरीच्या आयटी पार्कात जायचा तो संध्याकाळी इंग्रजी बोलत परत यायचा. घर सुनेने हाती घेतलेलं. त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर होता आणि आवाजही होता. आवाज मोठा होता, गोड नव्हता. अशा बाईला भजनी मंडळात चिटणीस करतात, म्हणजे ती गायला बसत नाही.

मंडळ दर गुरुवारी दुपारी एग्मोरला भरायचं, तंजावरी मामींच्या दिवाणखान्यात. मामींचे पूर्वज काही शतकांपूर्वी राजांच्या फौजेबरोबर तंजावरला आले आणि तिथेच राहिले. त्यांचं मराठी आमच्या पणज्यांच्याही आधीचं, मधूनमधून तमिळ शब्द, आणि वाक्याचं शेपूट तमिळ चालीवर वर जाणारं. आम्ही नव्याने आलेल्या बायका पदराआड हसायचो. मामींना ते दिसायचं, आणि त्या मुद्दाम आणखी लांबवून बोलायच्या.

माझी मंडळात पत होती ती वाघामुळे. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं, घरामागे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. नवीन बाई मंडळात आली की तिला मी ऐकवायचेच, की बारा वर्षांची असताना अंगणात वाघ आला आणि मी चुलीतलं जळकं लाकूड घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. बायका गालाला हात लावायच्या. खरं म्हणजे मी पलंगाखाली होते, आणि अंगणात जे काय होतं त्याला आमचे आजोबा 'हड' म्हणाले तसं ते निघून गेलं. वाघ 'हड' म्हटल्यावर जात नाही. पण मद्रासेत हे कोणाला ठाऊक?

दर मार्गशीर्षात आमचे बुवा महाराष्ट्रातून प्रवचनांसाठी यायचे आणि आठवडाभर मामींकडे उतरायचे. ते वर्ष त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं होतं. काय द्यावं म्हणून दिवाळीआधीच बैठक बसली. आमच्या अध्यक्षीणबाई एका बँकेच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्या बोलायला लागल्या की पंखासुद्धा हळू फिरायचा.

"शाल, श्रीफळ, चांदीचं पात्र सगळेच देतात," त्या म्हणाल्या. "बुवांच्या गुरूंकडे व्याघ्रासन होतं. ते विरून गेलं. आता बुवा घोंगडीवर बसतात. मला ते बघवत नाही."

"हरणाचं नाही का चालणार?" एकीने विचारलं.

"हरणाचं शिष्यांना. बुवांना वाघाचं. आणि नराचं हवं, असं बुवा स्वतः म्हणाल्याचं मला आठवतंय. मोठं, मांडी घालून बसलं तरी चारी बाजूंनी दिसेल असं."

"आणि ते मिळतं कुठे?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "आपल्या चिटणीसबाई वाघाच्याच गावच्या की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मामी कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या आजोबांकडे होता तसा एक. तोंड उघडें, डोळे काचेचे. आम्ही मुलें त्यावर बसून खेळत होतों, धाकटीं तर मुतत होतीं. तपश्चर्या कोणाची झाली नाही, मा."

बायका हसल्या, मीही हसले. आणि 'बघते' म्हणाले. काय तो माझा थाट. जसे काही आमच्या माहेरी दोरीवर वाघ वाळत घातलेले असतात आणि मला फक्त एखादा काढून आणायचा आहे.

याला बंदी आहे हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. पण लाल सिग्नलला थांबायचं असतं हेही आम्हाला माहीत होतं. पोलीस नसला की ते जेवढं माहीत असतं, तेवढंच हेही माहीत होतं. शिवाय काम देवाचं होतं, आणि देवाच्या कामाला कायदा लागत नाही अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे.

अध्यक्षीणबाईंनीच मग कुठूनतरी चौकशी करून एक दुकान सांगितलं. पॅरीज कॉर्नरच्या मागच्या गल्ल्यांत पूजेच्या सामानाची दुकानं आहेत, त्यांतलं एक. मी लोकलने बीच स्टेशनला उतरून चालत गेले. दुकानात शंख, रुद्राक्ष, तांब्याची भांडी, कापराचा वास. गल्ल्यावर कपाळभर विभूती लावलेला माणूस. मी माझ्या त्या थोर तमिळमध्ये 'पुलित्तोल' म्हणाले, म्हणजे वाघाचं कातडं. मला वाटलं तो दचकेल, आवाज खाली आणेल. तो म्हणाला, "सामीजी के वास्ते?" आणि आत कॉफी सांगितली.

"पुराना मत लेना, अम्मा. बाल झड़ता है, बास मारता है."

मी मापाचं सांगितलं. मांडी घालून, चारी बाजूंनी दिसेल असं.

"फिर मेल चाहिए. बड़ा मेल."

त्याने गल्ल्याखालून एक फोटो काढला. ओल्या मातीत उमटलेला वाघाचा पंजा, आणि त्याच्या शेजारी मापासाठी ठेवलेली काड्यापेटी. काड्यापेटी बिचारी खेळण्यातली वाटत होती. आता इथे शहाण्या माणसाने उठावं की नाही? मी चष्मा लावला. लहानपणी भावाबरोबर नाल्यावर बघितलेलं डोक्यात होतं, ते मी, आम्ही चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरकडचे, असं बजावून घडाघडा सांगितलं, की हा नरच, बघा, चौकोनात बसतो, मादीचा लांबट असतो, बोटं निमुळती असतात.

"अम्मा को सब मालूम," तो कॉफी आणणाऱ्या नोकराला म्हणाला. मी फुलले. परीक्षेत पहिली आल्यासारखी ती पितळी वाटी-पेल्यातली कॉफी प्यायले. आणि मग ऐटीत म्हणाले, "बरं, मग दाखवा की कातडं."

त्याला माझी कीव आली असावी. "अभी किधर, अम्मा? अभी तो वो चल रहा है." त्याने दोन बोटं गल्ल्याच्या काचेवर टेकली आणि चालवून दाखवली, डावं, उजवं, डावं, उजवं. "तुम्हारे चांदा साइड में ही है. आप हाँ बोलो, तो दो महीने में आ जाएगा."

यावर मी काय म्हणाले? 'मंडळाला विचारून कळवते' म्हणाले. आणि घरचा फोन नंबर देऊन आले. मला अजूनही माझा राग येण्यापेक्षा हसूच जास्त येतं. समोरचा माणूस एका जिवंत प्राण्याला काचेवर चालवून दाखवतोय आणि ही बया बैठकीचा ठराव करायला निघाली आहे.

परत येताना लोकलला गर्दी नव्हती. खिडकीशी बसले आणि ती दोन बोटं डोळ्यांसमोरून जाईनात. त्या फोटोतल्या पंजात पाणी साचलेलं होतं. म्हणजे वाघ नुकताच पुढे गेला होता. त्याच्यामागून वाकून कोणीतरी काड्यापेटी ठेवली होती. वाघ पुढे, काड्यापेटीवाला मागे, त्याच्यामागे दुकानदार, आणि दुकानदाराच्या मागे टाळ घेतलेल्या आम्ही. अशी ती रांग मला दिसली. पेरांबूर आलं तेव्हा माझ्या अंगाला घाम होता, आणि तो चेन्नईचा नव्हता.

घरी आल्याबरोबर भावाला फोन लावला. माझा धाकटा भाऊ माहेरीच राहतो, लाकडाच्या डेपोत कारकून होता, नुकतीच मुदतीआधी निवृत्ती घेतलेला. स्वभावाने भित्रा, पण गप्पिष्ट.

"तुमच्याकडे मोठा नर आहे का रे सध्या?"

"आहे ना. नाल्यापलीकडचा. हा एवढा थोरला. तुले कायले पायजे, ताई? मद्रासेत नेतं का?"

"सहज विचारलं. कसा आहे?"

"कसा म्हंजे? भरात आहे. पण सुखात नाही. वाघीण एका जागी निभावून नेते. नराले चार वाघिणींचं रान पुरत नाही. इकडून कोळशाची खाण, तिकडून डांबरी रोड, मंधात रेल्वे लाइन. शेतात गेला त लोकं डुकरासाठी तारेत करंट सोडते. त्याले फिराच लागते, आन् फिरते म्हणून मरते. लहानसहान वाघ दडून राहते. हा येवढा मोठा, दडन कुठं?"

"आणि मेला तर? एकच वाघ ना?"

"एकच कसा, ताई? हा गेला का दुसरा नर येते त्याच्या हद्दीत. आला का पयले याची पिल्लं मारते. बारीक बारीक असते ना ते. एक मोठा नर गेला म्हंजे मागचं सारं घर गेलं." मग त्याला शंका आली. "तू काहून विचारून रायली?"

"दूध उतू चाललंय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुकानदाराचा वाघ आणि माझ्या भावाचा वाघ एकच होता का? मला सांगता येणार नाही. दुकानदार गिऱ्हाईक बघून गाव सांगत असेल. पण मी त्या दिवसापासून तो एकच धरून चालले. नाल्यापलीकडचा. तो जगतो की मरतो हे आता आमच्या हो-नाहीवर टांगलेलं होतं, आणि हो-नाही कळवायचं काम माझ्याकडे होतं.

मी आधी अध्यक्षीणबाईंकडे गेले. वाटलं होतं, ऐकून त्यांनाही घाम फुटेल. त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून तयार नाही? मग सहस्रचंद्राला वेळेवर मिळेल ना?"

"बाई, तो जिवंत आहे."

"आपण थोडंच मारायला सांगतोय? आपण आसन मागतोय. ते कसं आणायचं ते त्याचं काम."

"आपण मागितलं नाही तर तो मरणार नाही."

"दुसरं कोणी मागेल. मग आपल्या बुवांनीच का घोंगडीवर बसायचं? आणि आसन होणं म्हणजे त्या जिवाचा उद्धारच की."

थोड्याच दिवसांत पेपरात आलं की राजस्थानातल्या एका राखीव जंगलात शोधून शोधून एकही वाघ सापडत नाही. कागदावर होते, रानात नव्हते. मी कात्रण घेऊन गेले. त्यांनी चष्मा न लावताच बाजूला ठेवलं. "ते राजस्थान," त्या म्हणाल्या.

बुवा आले. सेंट्रलवर हारतुरे झाले, टॅक्सीने एग्मोरला आणलं. पहिल्या प्रवचनाआधी सगळ्या बायका जमल्या होत्या. बुवा मामींच्या सोफ्यावर घोंगडी अंथरून बसलेले, समोर इडली. बुवा दिसायला फार गोड. त्यांना कोणावर ओरडताना मी कधी पाहिलं नाही. विषय दर दिवशी एकच असायचा, भूतदया.

मी सरळ पुढे गेले. "बुवा, मंडळ तुम्हाला व्याघ्रासन द्यायचं म्हणतंय. तो वाघ अजून रानात फिरतोय. तुम्ही हो म्हणालात तर त्याला मारतील, नाही म्हणालात तर नाही. तुम्हीच सांगा."

बुवांनी चटणी लावलेला घास खाली ठेवला आणि हसले. "अहो ताई, मी मागितलं का? मला घोंगडी पुरते. पण भक्तांच्या प्रेमाला नको म्हणणं हासुद्धा एक अहंकारच. त्यांची इच्छा. माझं काही नाही."

इतकं गुळगुळीत वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. हात लावावा तर हात घसरतो. माझं डोकं फिरलं ते तिथे. दुकानदार म्हणतो, तुम्ही हो बोला. अध्यक्षीणबाई म्हणतात, आम्ही फक्त आसन मागतो. बुवा म्हणतात, भक्तांची इच्छा. वाघाला मारायला कोणीच तयार नाही, आणि वाघ मात्र मरणार. एवढ्या सगळ्या निर्दोष माणसांच्या मधून तो बिचारा सुटून जाणार तरी कसा?

"बरं," मी म्हणाले, "मग भक्तांची इच्छा विचारून घेते. चिटणीस मीच आहे." आणि पहिल्या रांगेतल्या बाईसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही म्हणा, 'मारा'."

"मी? मी कशाला असलं म्हणू?"

"आसन हवंय ना? एवढा एकच शब्द. म्हणा."

"अहो, आज गुरुवार आहे."

"शुक्रवारी म्हणाल का?"

ती पदराशी चाळा करायला लागली. मी पुढचीकडे गेले. पुढची म्हणाली, माझ्या घरी सून गरोदर आहे, मला असलं बोलायला लावू नका. तिसरी रडायलाच लागली. चौथी म्हणाली, मी आधीपासून चांदीच्या पात्राच्या बाजूची होते. अध्यक्षीणबाईंसमोर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हा काय पोरकटपणा चालवलाय बुवांसमोर?"

"तुम्ही म्हणा म्हणजे संपला. मी आत्ता इथून फोन करते."

"असं तोंडाने कोणी म्हणतं का?"

"तेच तर," मी म्हणाले. "मग न म्हणता कसं करवून घेता?"

मामी सांबाराचं भांडं घेऊन आल्या होत्या त्या तशाच उभ्या. त्या बुवांकडे वळून म्हणाल्या, "बुवा, आपण तरी म्हणावें. कीं आणखी एक इडली वाढूं?" बुवा म्हणाले, "इडली." त्यावर काही बायका हसल्या, आणि जे व्हायचं होतं ते झालं. कोणीच 'मारा' म्हणालं नाही. मला वाटलं, सुटला.

माझी ती वेडी समजूत जेमतेम दोन दिवस टिकली. बुवा अजून शहरातच होते तेव्हा दुपारी फोन वाजला. दुकानदार. "अम्मा, क्या हुआ? आप ले रहे हो कि नहीं? दूसरी पार्टी है मेरे पास. उनको भी बड़ा मेल ही मँगता है. बंगले का हॉल है."

"मत दो उनको," मी म्हणाले.

"तो आप लेते?"

"नहीं."

"तो?" त्याने विचारलं, आणि ते अगदी रास्त विचारलं. त्याच्या दुकानात 'कोणीच घेऊ नका' असं काही विकायला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मामींना घेऊन वनखात्याच्या एका ऑफिसात गेले. माझं तमिळ तोवर मलाही कळून चुकलं होतं. अधिकारी भला माणूस होता. त्याने बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग मामींशी बराच वेळ बोलला. मामींनी मला मराठीत सांगितलं, "म्हणतो, फार उपकार झाले. तुम्ही त्यास फोन करून हो म्हणावें. तो माल घेऊन आला कीं हे साध्या वेषांत येऊन धरतील. नेहमी असेंच करतात."

मी मामींना म्हणाले, "त्यांना विचारा, माल येईल म्हणजे काय होईल."

मामींनी विचारलं. तो म्हणाला, माल म्हणजे कातडं.

"त्यांना विचारा, कातडं येईल तेव्हा वाघ कुठे असेल."

त्याने पेनचं टोपण काढलं, परत बसवलं. त्याची काही चूक नव्हती. कायद्याला पुरावा लागतो, आणि वाघाच्या बाबतीत पुरावा म्हणजे वाघाचं कातडं. जिवंत वाघ हा कशाचाच पुरावा नसतो. तरी मला संताप आला, त्याचा नव्हे, त्या सगळ्या रचनेचा. बुवांना बसायला वाघ मेलेला हवा, आणि दुकानदाराला पकडायलाही तो मेलेलाच हवा. आणि जो शब्द मी एवढ्या बायकांच्या तोंडून काढू शकले नव्हते, तो आता सरकार माझ्याच तोंडून मागत होतं.

"मी हो म्हणणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही आजच्या आज त्या दुकानात जा."

मामींनी सांगितलं. तो म्हणाला, आज जाऊन काही सापडणार नाही.

"काही सापडू नये म्हणूनच जा," मी म्हणाले. "जीप घेऊन जा, गल्लीच्या तोंडाशी उभी करा. त्याची डबडी उलटीपालटी करा. त्याला कळू दे, त्याच्या त्या दुसऱ्या पार्टीला कळू दे, की बघणारं कोणीतरी आहे. सापडल्यावर जाऊन काय करणार आहात, आरती?"

माझ्या या चार वाक्यांचं भाषांतर करायला मामींना पाच मिनिटं लागली. मध्येच त्यांनी टेबलावर हात आपटला, आणि माझ्या मराठीत मी टेबलावर हात आपटल्याचं मला आठवत नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत हो एवढं? त्या म्हणाल्या, "तुझें सांगितलें. मग थोडें माझेंही सांगितलें."

ते गेले. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, दुकान उलटंपालटं झालं, शेजारचे दुकानदार पायऱ्यांवर येऊन बघत बसले. काही सापडलं नाही. तो फोटोही सापडला नाही. अशा कोणा बाईला आपण ओळखतच नाही, असं दुकानदार म्हणाला म्हणे. अध्यक्षीणबाईंपर्यंत बातमी गेली, आणि त्यांनी माझ्या जागी दुसरी चिटणीस नेमल्याचा निरोप पाठवला. बुवांना चांदीचं पात्र दिलं गेलं. आमचे यजमान संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "एवढं करून काय सापडलं? काहीच नाही." मी म्हणाले, "हो ना." आणि त्यांना दोन बिस्किटं जास्त दिली. त्यांना वाटलं मला पश्चात्ताप झालाय.

पुढे काही महिने मी मुद्दाम वाकडी वाट करून त्या दुकानावरून जायचे. विभूतीवाला शंख पुसत बसलेला असायचा. मी नमस्कार करायचे, त्याला करावा लागायचा. पण मला काही फार भाबडं राहायचं नव्हतं. दुकानं पुष्कळ आहेत. ज्यांना हॉलमध्ये वाघ हवा असतो त्यांचे हॉल रिकामे राहत नाहीत. आणि वाघ सुटला तरी कुठे सुटला? दुकानदाराच्या हातून सुटून तो खाण, रोड, रेल्वे आणि तारांच्या मधोमध सुटला.

संक्रांतीच्या सुमारास भावाचा फोन आला. एकदम खुशीत. "ताई, तुह्या वाघाची खबर आहे. नाल्याच्या अल्याडच्या काठाले गाय मारली त्यानं. गार्डानं पाहिला त्याले."

मला इतका आनंद झाला की मी सुनेला मोठ्याने हाक मारून सांगितलं, गाय मारली, गाय मारली. तिला वाटलं मला भ्रम झाला. मग जरा भानावर आले. "गाय कोणाची?"

"आहे एक. दोनच गाई होत्या त्याच्या. तापला आहे लय. पंचनाम्याले कोणी आलं नाही अजून."

"आणि मेलेली गाय?"

"तिथंच पडली आहे. तो येईन ना परत खायाले." भावाने आवाज खाली आणला. "लोकं म्हणते का त्या माणसानं फवारणीचं औषध आणून ठेवलं घरात."

काड्यापेटीवाला नको, दुकानदार नको, बुवा नको. एक माणूस, ज्याची गाय गेली, त्याच्याकडे एक डबा औषध, आणि काठावर पडलेली गाय. संध्याकाळी वाघ आपल्या पायांनी जेवायला येणार. आणि त्या माणसावर ओरडायचं तरी कशाला? त्याच्याकडे तर कोणी फिरकलंही नव्हतं.

"आणि तू काय करतोयस?"

"मी? मी तुले फोन करून रायलो."

"फोन ठेव आणि त्या माणसाच्या घरी जा. चहा मागून घे. पंचनामा होईपर्यंत तिथून उठायचं नाही. गार्डाला घेऊन जा. जंगल ऑफिसात जाऊन बस, ओरड, त्यांना घेऊन ये."

"ताई, मी रिटायर्ड क्लार्क आहो."

"मग तुला दुसरं काम काय आहे?"

"आन् त्यानं हाकलून देल्लं त?"

"परत जा."

"आन् वाघ आला त?"

"तो गाईकडे येईल. तुझ्याकडे कशाला येतो, तुझ्यात आहे काय खायला?"

भाऊ म्हणाला, "मद्रासेत बसून सोपं आहे, ताई." ते खरंच होतं. मग बायकोला म्हणताना ऐकू आलं, "व, माही चप्पल दे. आन् डब्यात दोन पोया बांध."

तो गेला. त्या माणसाने आधी त्याला शिव्या दिल्या, मग खाट दिली. भावाने त्याच्या बापाची, गाईची, पावसाची, सगळ्याची चौकशी केली. बोलण्यात तो कधीच कमी पडला नाही. पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. औषधाचा डबा त्या माणसाने स्वतःच भावाच्या हातात दिला, घेऊन जा म्हणाला, नाहीतर माझं काही खरं नाही. आणि वाघाने गाय खाऊन संपवली. भावाने फोनवर सांगितलं, "हाडं ठेवली फक्त. पोट भरून गेला, ताई."

"आणि त्या माणसाला भरपाई कधी?"

"मिळन. वर गेले आहे कागद."

होळी झाली, उन्हाळा लागला, आणि कागद वरच होते. वाघाने एका रात्रीत गाय उचलली होती, सरकारला त्या गाईचे पैसे खाली उतरवता येत नव्हते. त्या माणसाकडे आता एकच गाय होती आणि ती नाल्यावर चरायला जात होती. मी तिथल्या जंगल ऑफिसचा नंबर भावाकडून घेतला आणि फिरवला. तिकडून कोणीतरी मराठीत विचारलं, "आपण कोण बोलताय?" मी खुर्ची फोनजवळ ओढली, पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "सांगते. वेळ आहे ना तुम्हाला? मला भरपूर आहे."